रेड लाइट आणि पांढरा लाइट बॉक्स: एकाचं काम दुसरा करत नाही

दिवस लहान व्हायला लागले की कोणीतरी विचारतंच, रेड लाइट पॅनल आहे घरात, त्याने विंटर डिप्रेशनचं (दरवर्षी हिवाळ्यात येणारं नैराश्य, म्हणजेच सीझनल डिप्रेशन) पण भागेल ना? आणि कोणीतरी लगेच सांगतं, हो, लाइट थेरपीच की ती. नाही हो. खूप उजेड देणारा पांढरा लाइट बॉक्स मनासाठी आहे, लाल प्रकाश म्हाताऱ्या होत चाललेल्या रेटिनासाठी (डोळ्याच्या आतला पडदा), आणि यात गल्लत झाली की खरंच त्रासात असलेल्या माणसाचा अख्खा हिवाळा वाया जातो.

पांढरा बॉक्स बहुतेकांना माहीत असतो म्हणून थोडक्यात. नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये सीझनल डिप्रेशनचं वर्णन केलं, तेव्हापासून यावर अभ्यास चालू आहे. नेहमीचा डोस म्हणजे 10,000 लक्स (उजेड मोजायचं एकक), 30 मिनिटं, सकाळी उठल्या उठल्या. 2006 च्या कॅनडातल्या ट्रायलमध्ये 96 पेशंट होते, अर्ध्यांना हा प्रकाश, अर्ध्यांना फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी, आणि 8 आठवड्यांनी दोन्हीकडे 67 टक्के लोकांना चांगला फरक पडला. म्हणजे हे काही घरगुती तोडगे नाहीत, गोळीच्या तोडीची ट्रीटमेंट आहे.

लाल प्रकाशाचं काम नवीन आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे ग्लेन जेफ्री, त्यांच्या टीमने 2020 मध्ये 24 जणांना रोज 3 मिनिटं 670 नॅनोमीटरचा (प्रकाशाची वेव्हलेंग्थ, म्हणजे त्याचा रंग, या एककात मोजतात) गडद लाल प्रकाश दिला, दोन आठवडे. चाळिशीच्या पुढच्यांची रंगांमधला बारीक फरक ओळखायची क्षमता सुधारली, खास करून निळ्याच्या बाजूची. छान आहे, पण अभ्यास छोटा आहे, आणि मूड त्यात कोणी मोजलेलाच नाही!

आता खरी गोची. दोन्ही प्रकाश डोळ्यातूनच आत जातात, मग फरक काय? फरक हा की आत गेल्यावर ते पकडतं कोण. रेटिनात रॉड आणि कोन या बघण्याच्या पेशी सोडून आणखी थोड्या पेशी आहेत, त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं प्रकाश पकडणारं द्रव्य असतं आणि त्या मेंदूतल्या घड्याळाला (झोप-जाग ठरवणाऱ्या) "दिवस उजाडला" हे कळवतात. मेलानॉप्सिन सगळ्यात जास्त जागं होतं ते 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला. पांढऱ्या प्रकाशात तो भाग भरपूर असतो, 670 च्या लालला मात्र त्या पेशी जवळजवळ आंधळ्याच. लाल प्रकाश भिडतो तो पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांना, वयाबरोबर तिथली ऊर्जा कमी पडत जाते ती थोडी वर येते अशी कल्पना आहे. आणि हे तर पाठच करून ठेवा: सीझनल डिप्रेशनच्या कितीतरी ट्रायल्समध्ये खोटी ट्रीटमेंट म्हणून जे दिलं जायचं ते काय होतं? मंद लाल प्रकाश. तुलनेसाठी मुद्दाम निवडलेला, कारण त्याने घड्याळ हलणार नाही असंच धरलेलं होतं.

"पण दोन्ही सकाळीच घ्यायचं असतं ना" हा पुरावा म्हणून पुढे येतो. 2021 मध्ये जेफ्रींच्याच टीमने दाखवलं की लाल प्रकाश सकाळी 8 ते 9 मध्ये एकदाच 3 मिनिटं दिला तर रंगांमधला फरक ओळखण्यात सरासरी 17 टक्के सुधारणा होते, तोच दुपारी दिला तर काही नाही. वेळ जुळते हे खरं, पण त्यामागची कारणं वेगळी आहेत. लालच्या बाबतीत सकाळ यासाठी की मायटोकॉन्ड्रियाचं काम दिवसभर सारखं नसतं, आणि पांढऱ्याच्या बाबतीत यासाठी की सकाळच्या प्रकाशाने मागे पडलेलं घड्याळ पुढे येतं.

वय आणि मूडचा संबंध अजिबात नाही असं मी म्हणत नाही. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते, म्हणजे घड्याळाला हवा असलेला तोच निळसर प्रकाश आत कमी पोचतो. पण लाल प्रकाशाने पिवळं भिंग परत स्वच्छ होत नाही, ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बदललं जातं.

विकत घेताना माझं डोकं फिरतं ते यावर: डब्यावर मोठ्ठं 10,000 लक्स, आणि किती अंतरावर ते कुठेच नाही. हात लांब केला की आकडा धाडकन खाली येतो. अंतर लिहिलेलं नसेल तर तो दिवा घेऊच नका, आणि यूव्ही फिल्टर आहे का तेही बघा. रेड पॅनल लक्समध्ये विकणाऱ्याकडे तर फिरकूच नका, लक्स हे मोजमाप डोळ्याला किती उजेड जाणवतो त्याचं आहे, 670 चा डोस त्यात कळतच नाही. आणि घरचं पॅनल म्हणजे ड्राय मॅक्युलर डिजनरेशनसाठी (वयाबरोबर रेटिनाचा मधला भाग खराब होण्याचा आजार) 2024 मध्ये अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, परवानगी मिळालेलं वालेडा मशीन नव्हे, ते डॉक्टरकडेच वापरतात आणि त्याच्या वेव्हलेंग्थ ठरलेल्या आहेत.

बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) असेल तर पांढरा बॉक्ससुद्धा आपल्या मनाने सुरू करू नका, त्याने मूड भलताच वर जाऊन मॅनिया होऊ शकतो. रेटिनाचा आजार असेल किंवा प्रकाशाला सेन्सिटिव्ह करणारी औषधं चालू असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी दाखवा, बॉक्स नंतर.