केव्हर्न क्लब: पाडला कशासाठी, तर हवेच्या शाफ्टसाठी

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला गेलेले लोक केव्हर्न क्लबात फोटो काढतात आणि खाली लिहितात "बीटल्स इथेच वाजवायचे", तर ते पूर्ण खरं नाहीये, म्हणून थोडं मागचं सांगतो.

मॅथ्यू स्ट्रीटवरच्या एका गोदामाखालचं हे तळघर, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायचे तेव्हा लोक इथे आसऱ्याला यायचे. अ‍ॅलन सिट्नरने पॅरिसमधला असाच एक तळघरातला जॅझ क्लब पाहिला होता, त्यावरून आयडिया घेऊन त्याने जानेवारी १९५७ मध्ये हा सुरू केला. आणि गंमत बघा, इथे रॉक अँड रोल चालायचंच नाही! जॅझ, फार तर स्किफल (गिटार आणि घरगुती वस्तूंवर वाजवायचं साधंसोपं संगीत). त्याच वर्षी जॉन लेननने (पुढे बीटल्समधला) स्टेजवर एल्व्हिसची गाणी सुरू केली तर मालकाने चिठ्ठी पाठवली, हे रॉक बंद कर.

१९५९ मध्ये रे मॅकफॉल मालक झाला आणि हळूहळू धोरण बदललं. लेनन आणि त्याचे साथीदार बीटल्स म्हणून पहिल्यांदा इथे आले फेब्रुवारी १९६१ मध्ये आणि ऑगस्ट १९६३ पर्यंत तब्बल २९२ वेळा वाजवलं असं मानतात. बरेचसे शो तर दुपारचे, ऑफिसातली पोरंपोरी लंच टाइममध्ये खाली उतरायची. दारू नाही, कॉफी आणि सूप. विटांच्या तीन कमानी, हवा यायला जागाच नाही, घामाची वाफ होऊन भिंतींवरून पाणी ओघळायचं आणि छताच्या चुन्याचे पोपडे डोक्यावर पडायचे, कोंडा झाल्यासारखे. अशाच एका दुपारी, ९ नोव्हेंबर १९६१ ला, जवळच्या रेकॉर्डच्या दुकानातून ब्रायन एप्स्टाइन सूटबूट घालून तिथे आला, आणि पुढे तोच त्यांचा मॅनेजर झाला.

बँड मोठा झाला, क्लब मात्र कर्जात. १९६६ मध्ये दिवाळं निघालं, मग पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सनच्या हस्ते परत उघडला. शेवटी १९७३ मध्ये रेल्वेला भुयारी मार्गासाठी हवेचा शाफ्ट खणायचा होता म्हणून वरचं गोदाम पाडलं, तळघर बुजवलं. शाफ्ट काही कधी खणला नाही, तिथे वर्षानुवर्षं गाड्या पार्क व्हायच्या!! ऐंशीच्या दशकात खणून बघितलं तर कमानी वाचवण्यासारख्या उरल्या नव्हत्या, मग १९८४ मध्ये जुन्या हजारो विटा वापरून नवीन क्लब बांधला, बराचसा त्याच जागेवर. विटा खऱ्या, जागा बहुतांशी खरी. आत हवा मात्र आता बरी येते म्हणे.