लॉगमधल्या इशाऱ्यांना घाबरू नका, पण \\ जपून वापरा
(लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीतली फाइल आमच्याकडे जुळणीसाठी देणाऱ्या ग्राहकांसाठी)

प्रबंध किंवा पुस्तक घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पीडीएफ तर झाली, पण लॉगमध्ये अडीचशे इशारे आलेत. काही बिघडलंय का?" लॉग म्हणजे जुळणी करताना लाटेक लिहून ठेवते ती नोंदींची फाइल. बहुतेक वेळा काहीही बिघडलेले नसते. चूक असेल तर लाटेक काम थांबवून विचारते. इशारा म्हणजे नुसती कुरकुर. खरी पंचाईत पुढे होते. इशारे घालवण्यासाठी ग्राहक रात्रभर बसून जागोजागी \\ (ओळ तोडण्याची आज्ञा) देत हाताने ओळी तोडतात आणि मग ती फाइल निस्तरण्याचे पैसे आम्हाला लावावे लागतात. ते वाचावेत म्हणून हे पत्रक. (आज्ञांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

सगळ्यात जास्त दिसणारा इशारा असा असतो: "अंडरफुल एचबॉक्स, बॅडनेस १००००, इन पॅराग्राफ ॲट लाइन्स ४२–४३". एचबॉक्स म्हणजे इथे ओळ, अंडरफुल म्हणजे ती पुरती भरलेली नाही, आणि बॅडनेस म्हणजे ती किती वाईट ताणली गेली त्याचा आकडा. यातले ४२ आणि ४३ हे आकडे छापील पानावरच्या ओळींचे नव्हेत, तुम्ही टाइप केलेल्या फाइलमधल्या ओळींचे आहेत. प्रकरणे वेगवेगळ्या फाइलींत असतील तर लॉगमध्ये त्या इशाऱ्यापासून वर सरकत जा. जो कंस उघडून अजून बंद झालेला नाही, त्याच्यापुढे फाइलचे नाव असते. आता त्या फाइलची ४२वी ओळ उघडा. बहुधा असे काहीतरी दिसेल:

४२  मार्गदर्शकांचा मी ऋणी आहे. \\
४३
४४  प्रस्तुत प्रबंधाचा विषय…

४३वी ओळ रिकामी आहे. लाटेकमध्ये रिकामी ओळ म्हणजे परिच्छेद संपला. त्याआधी दिलेल्या \\ चा अर्थ मात्र "ही ओळ इथे तोड, याच परिच्छेदाची पुढची ओळ सुरू कर" असा होतो. लाटेक आज्ञाधारकपणे पुढची ओळ सुरू करते आणि परिच्छेद तिथेच संपतो. हाती उरते समासापासून समासापर्यंत एक कोरी ओळ. तिच्यात अक्षर नाही, ताणायला शब्दांमधली जागाही नाही, म्हणून बॅडनेस थेट १०,०००, म्हणजे कमाल. उपाय एकच, तो \\ खोडा. इशारा जातो आणि पानावरची ती कोरी ओळही जाते.

लोक असे का करतात, तेही आम्हाला कळते. दोन परिच्छेदांमध्ये थोडी मोकळी जागा हवी असते. पण ती \\ देऊन मिळवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फाइलच्या सुरुवातीला 'पारस्किप' हे पॅकेज (लाटेकची तयार जोडणी) एकदा घाला, सगळ्या परिच्छेदांत सारखी जागा सुटेल. प्रबंध ए-४ वर असतो आणि पुढे त्याचेच पुस्तक डेमी आकारात निघते. हाताने तोडलेल्या ओळी तेव्हा भलत्याच जागी तुटलेल्या दिसतात. कोऱ्या ओळींनी पाने वाढतात आणि १६ पानांचा एक फॉर्म (एकत्र छापला जाणारा ताव) जास्त छापावा लागला तर तो खर्च तुमचाच.

\\ परिच्छेद सुरू होण्याआधीच दिला, उदाहरणार्थ दोन रिकाम्या ओळींच्या मध्ये, तर मात्र इशारा येत नाही, चूक येते: इथे संपवायला ओळच नाही. तिथेही खोडणे हाच उपाय.

'लाइनब्रेक' ही आज्ञा वेगळी. \\ ओळ अर्धी सोडून देते, तर 'लाइनब्रेक' तीच ओळ उजव्या समासापर्यंत ताणते. पाच शब्दांची ओळ अशी ताणली की शब्दांमधून बैलगाडी जाईल.

बॅडनेसचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक जागेला ठरावीक ताण परवडतो. तेवढाच ताण दिला तर बॅडनेस १००. पुढे तो घनाच्या पटीत चढतो, म्हणून दुप्पट ताणाला ८००. लाटेक १,००० च्या वर गेल्यावरच बोलते. मूळ इंग्रजी फाँटमध्ये १० पॉइंटला शब्दांमधली जागा सुमारे ३.३ पॉइंट असते. ती दुप्पट झाली तरी लॉग गप्प राहू शकतो. तेव्हा लॉग कोरा म्हणजे पान सुंदर, असे समजू नका. डोनाल्ड क्नूथ आणि मायकल प्लास यांनी १९८१ साली मांडलेली, लाटेक वापरते ती ओळी तोडण्याची पद्धत एकेक ओळ न बघता अख्ख्या परिच्छेदाचा एकत्र विचार करते. त्यामुळे तिसऱ्या ओळीतला एक शब्द बदलला की पहिली ओळसुद्धा वेगळीकडे तुटू शकते. शेवटचे मुद्रितशोधन होईपर्यंत ओळींना हात लावू नका, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

"ओव्हरफुल" म्हणजे ओळ समासाबाहेर गेली. हे मात्र बघायलाच हवे. किती पॉइंट बाहेर गेली तो आकडा शेजारी असतो. एका इंचात ७२.२७ पॉइंट, म्हणजे १ पॉइंट साधारण ०.३५ मिलिमीटर. पॉइंटभर बाहेर असेल तर डोळ्याला दिसत नाही, सोडून द्या. १५ पॉइंट असेल तर अर्धा सेंटिमीटर झाला. 'ड्राफ्ट' हा पर्याय दिला की अशा प्रत्येक ओळीपुढे काळी पट्टी येते. छपाईआधी तो काढायला विसरू नका. आम्ही एकदा विसरलो, आणि काळ्या पट्ट्यांसह मुद्रिते थेट लेखकाच्या घरी गेली.

मराठीत ओळ समासाबाहेर जाण्याचे कारण बहुधा भाषाच असते. "विद्यापीठांमधल्यासारख्याच" हा आपल्याकडे एकच शब्द. फाइलमध्ये भाषा मराठी असल्याचे 'पॉलिग्लॉसिया' या भाषांसाठीच्या पॅकेजला सांगितलेले नसेल, तर असा शब्द कुठे तोडायचा हे लाटेकला कळत नाही आणि तो समासाबाहेर डोकावतो. संयोगचिन्ह देऊन तोडलेले शब्द काही प्रकाशकांना अजिबात खपत नाहीत. तसे असेल तर आधी सांगा, मग 'इमर्जन्सीस्ट्रेच' (अडलेल्या ओळींना मिळणारा जादा ताण) थोडा वाढवून काम भागवू. 'स्लॉपी' ही ओळी सैल सोडणारी आज्ञा अख्ख्या पुस्तकाला लावू नका. तिने ओव्हरफुल जवळजवळ संपतात, पण पान भोकाभोकाचे होते. संदर्भसूचीतल्या लांबलचक वेबपत्त्यांसाठी 'एक्सयूआरएल' पॅकेज पुरते.

कवितेत \\ हवाच, पण कडव्याच्या शेवटच्या ओळीला देऊ नका. 'व्हर्स' या कवितेसाठीच्या रचनेत तो तिथे दिला तर दोन कडव्यांमधली जागाच नाहीशी होते आणि लॉग त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. कवितासंग्रहाची पाने म्हणून आम्ही डोळ्यांनीच तपासतो.

"व्हीबॉक्स"चे इशारे पानाच्या उंचीबद्दल असतात. ते आमच्यावर सोडा.

काम देताना मूळ फाइली, लॉग, वापरलेले फाँट आणि पुस्तकाचा आकार एवढे पाठवा. नुसत्या पीडीएफवरून \\ कुठे आहेत ते दिसत नाही. दुपारी १ ते ४ फोन उचलला जात नाही. तेवढ्या वेळात ४२वी ओळ तपासून होते.