शेजाऱ्याची विहीर सुधारली, ती शिकून की धास्तीने?

तेल-वायूच्या पट्ट्यात एका कंपनीला नवी युक्ती साधली की काही वर्षांत आसपासच्या कंपन्यांचंही काम सुधारतं. आकड्यांत एकच चढती रेषा दिसते, पण तिच्यामागे ज्ञानाची झिरप असू शकते किंवा स्पर्धेचा रेटा. या दोघांची गल्लत फार होते.

झिरप पाहायची तर टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये, म्हणजे वायू अडकून राहिलेल्या खडकाच्या थरात. मिचेल एनर्जीने तिथे पहिली विहीर खणली १९८१ साली. खडकाला भेगा पाडायला घट्ट, महागडं जेल वापरायचे. १९९८ च्या सुमारास त्यांनी जेलला जवळजवळ फाटा दिला आणि पाणी, वाळू, थोडी रसायनं एवढ्यावर भागवलं. खर्च उतरला, वायूही भरपूर मिळाला. आता हे लपवणार कसं? उत्पादनाचे आकडे टेक्सासच्या रेलरोड कमिशनकडे द्यावेच लागतात (नाव रेल्वेचं, कारभार तेल-वायूचा). पंप लावणारी सेवा-कंपनी उद्या शेजाऱ्याच्या विहिरीवर असते. अभियंते नोकऱ्या बदलतात. शेजाऱ्याला युक्ती कळते आणि तिचे पैसे मोजावे लागत नाहीत. झिरपेची खूण हीच. २००२ मध्ये डेव्हन एनर्जीने तीन अब्ज डॉलरहून अधिक मोजून मिचेल कंपनीच घेतली. ती झिरप नव्हे, रीतसर खरेदी.

रेट्याचं उदाहरण २०१४ चं. तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या ओपेक या संघटनेने नोव्हेंबरमध्ये उत्पादन घटवायला नकार दिला, कारण सौदी अरेबियाला बाजारातला वाटा सोडायचा नव्हता. तेलाचा भाव आणखी कोसळला. अमेरिकेतल्या तेलाच्या रिग (विहिरी खणणारी यंत्रं) ऑक्टोबर २०१४ मध्ये १६०९ होत्या, मे २०१६ मध्ये उरल्या ३१६. दर रिगमागचं उत्पादन मात्र चढलं. ‘बघा, कंपन्या किती शिकल्या!’ असं तेव्हा बरंच बोललं गेलं. मला ते अर्धंच पटतं. कंपन्यांनी कमी देणारी जागा सोडली आणि उत्तम रिग, उत्तम माणसं सर्वांत चांगल्या खडकावर लावली. सरासरी त्यानेही वाढते, कोणी काही नवं शिकलेलं नसलं तरी.

म्हणून सरासरी बाजूला ठेवून तीच कंपनी, तोच खडक, आधी आणि नंतर असं पाहावं. झिरप जवळच्याला आधी पोचते, लांबच्याला उशिरा. भावाचा फटका सगळ्यांना एकदमच बसतो.

आणि स्पर्धेने काम सुधारतंच असंही नाही. १९३० साली सापडलेल्या पूर्व टेक्सासच्या क्षेत्रात शेजारी आपल्याखालचं तेल ओढून नेईल या भीतीने जो तो विहिरी खणत सुटला. जमिनीखालचा दाब घसरला आणि भावही कोसळला.