सत्यान्वेषी म्हणजे गुप्तहेर नव्हे

1993 साली ‘ब्योमकेश बक्शी’ ही हिंदी रहस्यमालिका दूरदर्शनवर आली तेव्हा कोकणात टीव्ही पाहणं हे दोघांचं काम होतं. एकाने कौलांवर चढून ॲन्टेना फिरवायचा, दुसऱ्याने पडवीतून ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडायचं. खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट गंजायचे. पावसात वीज गेली की खून कोणी केला ते कळायचंच नाही.

गुप्तहेर प्रेक्षकांना नवा नव्हता. 1985 मध्ये गाजर खाणारा करमचंद येऊन गेला होता. त्याआधी गावच्या वाचनालयांत रहस्यकथा होत्याच. हजारावर रहस्यकथा लिहिणारा मराठी लेखक तर वसईजवळच्या अर्नाळ्याचं नाव आडनावात घेऊन वावरत होता.

घोळ झाला तो एका शब्दाचा. 1932 पासून लिहिल्या गेलेल्या मूळ बंगाली कथांत ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द कानाला बरा वाटत नाही आणि त्याचा बंगाली प्रतिशब्द ‘गोयेंदा’ तर त्याहून वाईट. म्हणून दारावरच्या पाटीवर तो ‘सत्यान्वेषी’, म्हणजे सत्याचा शोध घेणारा, असं लिहितो. मालिकेच्या हिंदीत हा शब्द तसाच आला. मराठीत काय म्हणायचं? ‘गुप्तहेर’ म्हटलं की शिवकाळातले राजाचे हेर आठवतात. शिवाय ‘हेरणं’ म्हणजे नजर ठेवणं, टिपणं. त्यात सत्याचा संबंध असेलच असं नाही. (हेर मुळातच गुप्त असतो, मग ‘गुप्तहेर’ कशाला, हा प्रश्न वेगळाच.) अर्थाने सर्वांत जवळचा शब्द ‘सत्यशोधक’, पण 1873 पासून तो महाराष्ट्रात एका चळवळीचा आहे, तो धोतर नेसलेल्या कलकत्त्याच्या बाबूला लावणार कसा? परिणामी वर्तमानपत्रांनी सरसकट ‘गुप्तहेर’च छापलं आणि ब्योमकेशला नको असलेलंच नाव त्याला चिकटलं. हा आळस होता, असं आजही वाटतं.

कायद्यानेही हा गुंता सोडवला नाही. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा काही झाला नाही.

मालिका किनारपट्टीवर रुजली याचं कारण मात्र शब्दात नाही, कथेच्या घडणीत आहे. पहिल्या भेटीत ब्योमकेश खोटं नाव सांगून कलकत्त्याच्या एका मेसमध्ये उतरतो. एका खोलीत अनेक पुरुष, प्रत्येकाची वळकटी, शेजारच्याच्या ट्रंकेत काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. रत्नागिरीकडचे चाकरमानी गिरणगावात ज्या गाळ्यांत पाळीपाळीने झोपत, तेच हे जग. पुढे मृत्युपत्रं, वारस, लपवलेले दागिने. सामायिक वाडीचा दावा दोन पिढ्या चालवणाऱ्या घरांना यात समजावून सांगण्यासारखं काय होतं? ब्योमकेशची बायको सत्यवती झालेली अभिनेत्री मराठी, हे आणखी एक आपलेपण.

1997 मध्ये दुसरं पर्व आलं. एकूण भाग 34. तोवर बाजारपेठेच्या गावांत केबल शिरू लागली होती.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. मुंबईत अडकलेल्यांनी तिकडे आणि घरच्यांनी इकडे तेच भाग पाहिले आणि रात्री फोनवर खुन्यावरून वाद घातले. 3 जूनला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. त्यानंतर मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि छपरांवरच्या डिश माडांच्या झावळ्यांखाली सापडल्या.