मेंदूतील रक्तवाहिन्यांचा दाह: बरे वाटू लागल्यानंतरचे उपचार

शरीरात इतरत्र कोठेही आजार नसताना केवळ मेंदू व मज्जारज्जूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येणे, हा अत्यंत दुर्मीळ विकार आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत झालेल्या अभ्यासात त्याचे प्रमाण दर १० लाख लोकांमागे वर्षाला सुमारे २.४ इतके आढळले होते. भिंत सुजली की वाहिनी अरुंद होते, पुढच्या भागाला रक्त अपुरे पडते आणि डोकेदुखी, विस्मरण किंवा पक्षाघात उद्भवतो.

आजार तीव्र असल्यास मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सहसा रोज १ ग्रॅम याप्रमाणे ३ ते ५ दिवस शिरेतून देतात आणि त्यानंतर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू होतात. अनेक रुग्णांना जोडीला ३ ते ६ महिने सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यावे लागते. या औषधापासून शरीरात तयार होणारे अ‍ॅक्रोलिन मूत्राशयाच्या आतील अस्तराला इजा करते. म्हणून रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात, मोठ्या मात्रेसोबत मेस्ना हे संरक्षक औषध देतात आणि लघवीत रक्त उतरत नाही ना, हे तपासत राहतात. प्रजननक्षमतेवरील परिणामाविषयी तरुण रुग्णांशी आधीच बोलायला हवे, आणि नेमके तेच घाईत राहून जाते.

खरी कसोटी यापुढे लागते. डोकेदुखी थांबते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि गोळ्या नकोशा होतात. परंतु बरे वाटणे म्हणजे दाह शमणे नव्हे. म्हणूनच अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट किंवा मेथोट्रेक्सेट यांपैकी प्रतिकारशक्ती दाबणारे एक औषध दीर्घकाळ, बहुधा दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक, चालू ठेवतात. फ्रान्समधील रुग्णांच्या अभ्यासात असे उपचार घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण कमी दिसले. अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी वारंवार मोजाव्या लागतात, कारण ज्या जनुकीय बदलामुळे त्या धोकादायकरीत्या घटतात, तो युरोपीय लोकांपेक्षा भारतासह आशियातील लोकांत अधिक आढळतो. स्टिरॉइड तर स्वतःच्या मनाने एकाएकी कधीही बंद करू नये. दीर्घ वापराने शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात आणि औषध अचानक तुटल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतो.

आपल्याकडे क्षयरोगाचा विचार उपचारांपूर्वी आणि उपचारांदरम्यानही सोडता येत नाही. क्षयरोगाच्या मेंदूज्वरातही मेंदूच्या रक्तवाहिन्या सुजतात, शिवाय प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो. त्यामुळे उपचार चालू असताना डोकेदुखी किंवा ताप परतला, तर औषधाची मात्रा वाढवण्याआधी एमआरआय आणि पाठीतील पाण्याची तपासणी करून, दाह उलटला आहे की संसर्ग झाला आहे, याचा उलगडा करावा लागतो.