‘प्लॅटिकर्टिक’मध्ये चपटं नेमकं काय?

संख्याशास्त्राच्या तासाला फळ्यावर वितरणाचे, म्हणजे आकडे कसे पसरलेत ते दाखवणारे, तीन वक्र निघतात: एक टोकदार, एक मधला, एक बसका. बसक्याखाली ‘प्लॅटिकर्टिक’ लिहिलं की विषय संपला, असं आपल्या नागपुरातही वर्षानुवर्षं चालत आलंय. गोंधळ तिथेच आहे.

शब्द १९०५चा. एका इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने तो ग्रीकमधून जुळवला. ‘प्लाटिस’ म्हणजे रुंद, सपाट (आपला ‘पृथु’ त्याचाच भाऊबंद) आणि ‘कुर्तोस’ म्हणजे बाक आलेला, फुगीर. नाव दिलं वक्राच्या माथ्यावरून. माप (कर्टोसिस) मात्र घेतलं सरासरीपासूनच्या अंतराच्या चौथ्या घाताचं. चौथ्या घातात जवळच्या आकड्यांना जवळपास किंमतच उरत नाही, दूरचा एखादाच आकडा सगळं पारडं झुकवतो. म्हणजे हे माप शेपटीचं, वक्राच्या दूर कडेला पसरलेल्या भागाचं आहे, माथ्याचं नाही.

समजा, सीताबर्डी इंटरचेंजवर बरोबर दर १५ मिनिटांनी मेट्रो येते आणि आपण वेळ न बघता जिना चढतो. वाट बघण्याचा काळ ० ते १५ मिनिटांत सारखा पसरतो, आलेख पाटासारखा सपाट. माप येतं १.८, प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वक्राचं ३. माप ३पेक्षा कमी, तर वितरण प्लॅटिकर्टिक. आता हजारात एकदाच काही बिघाड होऊन १८० मिनिटं ताटकळावं लागलं असं धरा. आलेख डोळ्यांना तसाच सपाट दिसेल, माप मात्र ३७५च्या आसपास जाईल! माथा चपटाच राहिला, पण वितरण प्लॅटिकर्टिक उरलं नाही. मूळचं प्लॅटिकर्टिक होतं, ते सपाट होतं म्हणून नव्हे, तर १५ मिनिटांपलीकडे कुणालाच थांबावं लागत नव्हतं म्हणून.

हे नवं नाही. १९२७ साली एका मद्यकारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाने प्लॅटिकर्टिक वक्रांच्या शेपट्या आखूड असतात, असं स्वच्छ लिहिलं आणि लक्षात राहावं म्हणून शेजारी प्लॅटिपस या बसक्या, आखूड शेपटीच्या प्राण्याचं चित्र काढलं. १९४५ साली ‘हे माप माथ्याचं’ ही समजूत खोडणारी उदाहरणं छापून आली. २०१४ साली तर तिला श्रद्धांजली वाहणारा लेख निघाला. पाठ्यपुस्तकांत ती अजून आहेच, आणि हे खटकतं.

राहिला मापातून ३ वजा करायचे की नाही, हा प्रश्न. एक्सेल प्रसामान्य वक्राला शून्य धरतं, काही सॉफ्टवेअर ३ धरतात. त्यामुळे त्याच सपाट वितरणाला एकीकडे १.८, दुसरीकडे उणे १.२.