गरम पाण्याने मायक्रोफायबर वितळतो? नाही हो!

गाडी पुसायचा मायक्रोफायबर गरम पाण्यात टाकला की धागे वितळतात, हे इतकी वर्षं फिरतंय की लोक घाबरून वॅक्सने चिकट झालेले टॉवेल पण थंड पाण्यात नुसते बुचकळून काढतात. अहो, हा कपडा म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन), बहुतेक वेळा 80-20 किंवा 70-30 टक्के, आणि हे वितळायला 200 अंशांच्या वर तापमान लागतं, तुमच्या मशीनमध्ये उकळतं पाणी पण येत नाही! 40 अंशाला बिनधास्त धुवा, वॅक्स आणि तेलकटपणा कोमट पाण्यातच नीट सुटतो. ड्रायर असेल तर लो हीट ठेवा, कारण न वितळताही जास्त उष्णतेने धाग्यांची टोकं कडक होऊ शकतात, आणि इस्त्री तर नकोच.

टॉवेल खरा बिघडतो तो सॉफ्टनरने, म्हणजे कपडे मऊ करायला धुताना घालतात त्या लिक्विडने. हाताला मऊ लागतो पण धाग्यांवर थर बसतो, मग काचेवर फिरवला की पाणी शोषायच्या ऐवजी नुसतं पसरवतो. बोअरचं जड पाणी असेल तर पावडरऐवजी लिक्विड डिटर्जंट, तेही थोडंसंच. आणि सुती बनियनसोबत धुवू नका प्लीज, त्याचा सगळा भुसा यालाच चिकटतो, मग काळ्या बोनेटवर पांढरे तंतू वेचत बसा.